गोधडी डॉट सीए

उर्मिला मावशींना नाही म्हणणं जमत नाही, ही काही माझ्या एकटीची अडचण नाही. त्यांचे यजमान अच्युत काका हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर विमानं उडवलेला हा माणूस, पण मावशींपुढे तोही फक्त ‘बरं’ म्हणतो. त्यामुळे रविवारी सकाळी मी डोक्याला तेल थापून गच्चीत उन्हाला बसले असताना मावशी जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, “इंदू, मला कॅनडातलं नाव घेऊन दे,” तेव्हाच माझ्या रविवारचं वाटोळं झालं, हे मी ओळखलं.

मी बार्शीची इंद्रायणी. मोहालीतल्या एका कंपनीत लोकांना वेबसाइटची नावं मिळवून देण्याचं काम करते. म्हणजे दिवसभर चॅटवर बसून, ‘सर, हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय’ हे शंभर प्रकारे गोड बोलून सांगते. राहते एअरोसिटीत, काका-मावशींच्या घरात वरच्या मजल्यावर. जवळच्या खरड गावात यापेक्षा स्वस्तात अख्खा फ्लॅट मिळतो, हे ऑफिसातले सगळे मला ऐकवतात. पण खरडला कुणी आपल्या दारात गरम पिठल्याचं पातेलं आणून ठेवत नाही, हे त्यांना कुठे माहीत?

मावशी गोधड्या शिवतात. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे आधी त्या ‘वाकळ’ म्हणायच्या. पण तो शब्द इथल्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गोधडी झाली. सुरुवात शेजारच्या परमजीत आंटींपासून झाली. त्यांचे सासरे वारले तेव्हा मागे कपाटभर पगड्या राहिल्या. मऊसूत मलमल, गुलाबी, आकाशी, मोतिया. द्यायच्या कुणाला आणि टाकायच्या कशा? त्यात नातू गुरकीरत ब्रॅम्प्टनला शिकायला निघालेला. मावशींनी त्या पगड्यांची गोधडी शिवली आणि आजोबा नातवाच्या सामानातून कॅनडाला गेले. आंटींनी एकच अट घातली होती, की पगडीचं कापड डोक्याच्या बाजूला यायला हवं, पायाकडे कधीच नाही. मावशी ती अट आजतागायत पाळतात. ग्राहक हिंदू असो, शीख असो, की आमच्या मराठी मंडळातली एखादी मेजरीणबाई असो, घरातल्या वडीलधाऱ्यांचं कापड उशाकडे, बाकीच्यांचं पायथ्याशी.

त्यानंतर आमच्या गल्लीतून जो कोणी विमानतळाकडे निघाला, त्याच्या बॅगेत गोधडी गेलीच. विमानतळ तर इथून हाकेच्या अंतरावर. मी मावशींना डॉट इन नावाची वेबसाइट करून दिली. डॉट इन म्हणजे भारतातलं दुकान. ते बरं चाललं होतं. पण आता कॅनडातल्या बायका विचारू लागल्या होत्या. माल भारतातून यायला किती दिवस, कस्टम कोण भरणार, मोठी आली तर परत कुठे पाठवायची? डॉट सीए असलं की त्यांना वाटतं दुकान आपल्याच गावातलं आहे. मावशींचा बेत असा, की गोधड्यांचे खोके एकदम तिकडे पाठवायचे आणि तिथूनच विकायच्या.

“आणि ही बघ भवानी,” त्यांनी फोन माझ्या तेलकट नाकासमोर धरला. कॅनडातल्या सरे गावच्या कुणा बाईनं मावशींच्या गोधड्यांचे फोटो उचलून स्वतःच्या नावावर लावले होते. “माझ्याच दोरीवर वाळत घातलेली माझीच गोधडी! मागे तुझा टॉवेलसुद्धा दिसतोय. उद्या हीच बाई नावही घेईल.”

टॉवेल माझाच होता. मग मात्र माझंही डोकं तापलं. मी लॅपटॉप आणला, ‘गोधडी डॉट सीए’ शोधलं. अजून कुणी घेतलं नव्हतं.

“घे मग,” मावशी म्हणाल्या.

“असं घेता येत नाही, मावशी. डॉट सीए कॅनडा ऐऱ्यागैऱ्याला देत नाही. घेणारा माणूस तिथला नागरिक हवा, नाहीतर पीआरवाला. म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी मिळालेला. पक्का माणूस लागतो.”

मावशींनी फोन खाली घेतला. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. कारण असा एक पक्का माणूस आम्हा दोघींना ठाऊक होता.

मावशींचा एकुलता एक मुलगा हर्षवर्धन टोरांटोला असतो. तो गेला तेव्हा मावशींनी गल्लीत सांगितलं की हर्षची तिकडे पोस्टिंग झालीय. ही फौजी बाई. लग्न झाल्यापासून तांबरम, जोरहाट, भूज, हलवारा असं सगळं पाहिलेलं. त्यांच्या हिशेबानं माणूस कुठेही जातो तो पोस्टिंगवर, दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधतो आणि पुढे निघतो. हर्षवर्धनची तीन वर्षं झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, एक्स्टेंशन मिळालंय. त्याला आणि बायको मधुरिमाला तिथे मुलगी झाली, तरी एक्स्टेंशन. त्यांच्या खोलीत काकांच्या नावाची एक काळी ट्रंक आहे. हर्षवर्धन गेला त्या वर्षी शिवलेली त्याची गोधडी डांबराच्या गोळ्या घालून तिच्यात ठेवलीय. तो परत आला की काढायची म्हणून.

आणि गेल्या ऑगस्टमध्ये त्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट परत केला. त्यानं पाठवलेला शपथविधीचा फोटो मावशींनी उघडलाच नाही. तेव्हापासून त्या फोनवर नात ओजस्विनीशी पोटभर बोलतात. ती इंग्रजीत उत्तरं देते, या मराठीत प्रश्न विचारतात, मजेत चालतं. पण हर्षवर्धननं फोन हातात घेतला की “गॅसवर दूध आहे” म्हणून ठेवून देतात. ऑगस्टपासून ते दूध गॅसवरच आहे. काका अधूनमधून हळूच म्हणतात, “उतू गेलं असेल एव्हाना.” पण मावशींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मला हे सगळं ठाऊक होतं, कारण तो शपथविधी ऑनलाइन झाला होता. त्या संध्याकाळी मावशी मंडळाच्या मीटिंगला गेल्यावर काका ब्लेझर आणि टाय घालून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. “इंदू, तुझा लॅपटॉप मिळेल का जरा?” त्यांनी तो सगळा कार्यक्रम खुर्चीत ताठ बसून पाहिला. कॅनडाचं राष्ट्रगीत लागलं तेव्हा उठून उभे राहिले. नंतर मला म्हणाले, “खाली बोलू नकोस.” मी मूग गिळून बसले.

तर त्या रविवारी गच्चीत मी जीव मुठीत धरून म्हटलं, “हर्षवर्धनदादाला विचारूया?”

“तो तात्पुरता आहे तिथे,” मावशी म्हणाल्या. अगदी माझ्या डोळ्यांत बघून. “आणि या गल्लीत काय पक्क्या माणसांचा दुष्काळ पडलाय?”

दुष्काळ कसला, पूर होता. आमच्या गल्लीत पोरगं पक्कं झालं की घरोघरी लाडू जातात, ही इथली रीतच. लग्नाला जेवढा थाट नसेल तेवढा पक्कं होण्याला. ग्रोवर अंकलनी तर मुलगी कॅलगरीत पक्की झाली तेव्हा डब्यावर मेपलचं पान छापून बर्फी वाटली होती. आणि परमजीत आंटींच्या पिस्ते लावलेल्या लाडवांची आठवण गल्ली अजून काढते.

मावशी आधी ग्रोवर अंकलकडे गेल्या. मला सोबत नेलं, कारण तांत्रिक बाजू मी सांभाळायची होती.

“अरे बहनजी, ये भी कोई पूछने की बात है?” अंकल म्हणाले. “आप नाम रजिस्टर करो, बेटी का नाम डाल दो. पक्का!”

“अंकल, पीआर कार्डची माहिती खरी हवी. नंतर तपासतात. खोटी निघाली तर नाव काढून घेतात,” मी हिंदीत समजावलं.

अंकलचा चेहरा जरा उतरला. “हां हां, बात करता हूँ,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्कात आम्ही समोरून आलो तर अंकल उलट्या दिशेनं चालू लागले. तिसऱ्या दिवशीही तेच. माणूस मधुमेही, डॉक्टरनं भरभर चालायला सांगितलेलं, पण इतकं भरभर? शेवटी आंब्याच्या झाडाखाली मावशींनी त्यांना गाठलं. अंकल चपलांकडे बघत म्हणाले, “वो... उसका पेपर अभी प्रोसेस में है जी.”

बर्फी खाऊन वर्षं उलटली होती आणि पेपर अजून प्रोसेसमध्ये. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशींनी माझ्या दंडाला चिमटा काढला. “कोई बात नहीं भाईसाहब,” त्या म्हणाल्या, “भाभीजी के घुटने कैसे हैं?” आणि गुडघ्यांवर चांगल्या भरपूर गप्पा मारून अंकलना मोकळं केलं.

मग परमजीत आंटी. मावशी म्हणाल्या, “तिचा गुरकीरत माझ्या हातची गोधडी पांघरतो, तो नाही म्हणणार नाही.” आंटीही लगेच हो म्हणाल्या, शपथेवर हो म्हणाल्या, आणि मग चार दिवस आमच्याकडे फिरकल्याच नाहीत. नाहीतर या बाईंची रोज एकदा तरी वाटी यायची, कधी साखर मागायला, कधी सरसोंचं साग द्यायला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारानं आत आल्या. मावशी जेवणाच्या टेबलावर गोधडी पसरून धावदोरा घालत होत्या, काका बाजूला पेपर वाचत होते, मी ऑफिसातून येऊन चहात खारी बुडवत होते. आंटी खुर्चीत बसल्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

“उर्मिला, मेरा गुरकीरत पक्का नहीं है.”

मावशींची सुई थांबली.

“वर्क परमिट पे है. फाइल दो बार वापस आ गई. मैंने तो लड्डू पहले ही बाँट दिए थे, सबके बँट रहे थे यार. अब किस मुँह से बोलूँ?” आंटींचा आवाज भरून आला. “हर फोन पे पूछता है, मम्मी, किसी को बताया तो नहीं? ट्रक चलाता है रात-रात, और मैं यहाँ बैठी झूठ बोलती हूँ कि ऑफिस में है.” त्यांनी डोळे पुसले आणि मावशींकडे पाहिलं. “तू ही अच्छी है. तूने पहले दिन से बोल दिया, तात्पुरता है, लौट आएगा. तुझे कुछ छुपाना नहीं पड़ा.”

हा ‘तात्पुरता’ शब्द आंटींनी मावशींकडूनच उचललेला होता.

माझी खारी चहात विरघळून गेली. काकांचा पेपर हलत नव्हता. मावशी गोधडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुई नीट कापडात खोचून ठेवली.

“परमजीत, मेरा पक्का है,” त्या म्हणाल्या. “पिछले अगस्त से. सिटिजन.”

आंटींनी ओढणी सोडली. आता ही बाई चिडणार, असं मला वाटलं. स्वतःचं कच्चं पोर पक्कं म्हणून सांगताना जीव जात असेल आणि शेजारीण पक्क्या पोराला कच्चं म्हणत बसली असेल, तर कुणाचाही संताप होईल. आंटी मावशींकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या,

“सिटिजन? तो फिर लड्डू कित्थे ने?”

मावशी हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. आंटींनी उठून त्यांना कुशीत घेतलं. दोघी मिळून चांगल्या रडल्या. काकांनी पेपर आणखी वर धरला. मी उठून उगाचच गॅसजवळ गेले.

“इंदू,” थोड्या वेळानं मावशी नाक पुसत म्हणाल्या, “त्याला फोन लाव.”

तिकडे सकाळ होती. हर्षवर्धन स्क्रीनवर आला तो शर्टाची बटणं लावत. आईनं आपणहून फोन केलाय, हे त्याला आधी खरंच वाटेना.

“आई? गॅसवर दूध नाही ना?”

“नाही,” मावशी म्हणाल्या. “माझं एक काम आहे.” आणि त्यांनी एकदम कामाचा आवाज काढला. कॅनडा, कस्टम, सरेची भवानी, माझा टॉवेल, सगळं सांगितलं. हर्षवर्धननं बटणं अर्धवट सोडून ऐकलं. मी बाजूनं कुठल्या साइटवर जायचं आणि मेलसाठी माझा पत्ता टाकायचा, ते सांगितलं. त्यानं लॅपटॉप उघडला. ओजस्विनी पाव खात त्याच्या मांडीवर येऊन बसली. त्यानं नाव टाकलं. अजून मोकळं होतं.

मग तो अडखळला. “आई, इथे विचारतायत, नाव घेणारा कोण आहे म्हणून. यादीतून निवडायचंय.” तो स्क्रीनकडे न बघता आईकडे बघत होता. “काय निवडू?”

हा ऑफिसात आठ माणसांची टीम सांभाळणारा बाप्या, आणि त्याचा चेहरा शाळेत मार्क कमी पडलेल्या पोरासारखा झाला होता. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

“जे आहे ते निवड,” मावशी म्हणाल्या. “खोटं लिहिलं तर नाव काढून घेतात. इंदूनं सांगितलंय.”

“कॅनेडियन सिटिजन,” त्यानं हळू वाचलं आणि बटण दाबलं.

“हं.” मावशींनी टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, बोटावर गुंडाळला. “शपथेला कोण होतं तुझ्याबरोबर?”

“मधुरिमा होती. ओजू होती.”

“झालं? आपलं आणखी कुणी नाही?”

हर्षवर्धन घुटमळला. “बाबा होते. ऑनलाइन.”

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. पेपरच्या वर आता फक्त टक्कल दिसत होतं. “कुठून ऑनलाइन?” मावशींनी विचारलं. मी छताच्या पंख्याकडे बघायला लागले, पण पंख्यानं काही मदत केली नाही.

“इंदूच्या खोलीतून,” पेपर म्हणाला. मग खाली आला. “मुलगा परेडला उभा राहिला होता, उर्मिला. घरचं कुणीतरी जायला नको?”

“काय घातलं होतं?”

“ब्लेझर.”

“त्याचं बटण तुटलंय. तुटक्या बटणानं गेलात?” मावशींचा आवाज चढला आणि मधेच फुटला. “मला का नाही बोलावलं?”

“तू आली असतीस?”

“नसते आले,” मावशी म्हणाल्या. “पण बोलवायचं होतं.”

परमजीत आंटींना मराठी येत नाही, पण त्यांनी काकांकडे असं पाहिलं की काका एकदम म्हणाले, “चुकलं.”

मावशींनी फोन जवळ घेतला. “हर्ष, मी रागावले होते. तू गेलास म्हणून नाही, तू परत येणार नाहीस हे मला कागदावरून कळलं, म्हणून. तो फोटो पुन्हा पाठव. मी उघडला नव्हता.” मग जड जिभेनं, पण म्हणाल्या, “अभिनंदन, बाळा.”

हर्षवर्धननं मान खाली घातली. ओजस्विनी मांडीवरून म्हणाली, “डॅड इज क्रायिंग, आजी.” मावशी म्हणाल्या, “रडू दे त्याला. तू पाव संपव.”

तेवढ्यात माझ्या फोनवर मेल आली. गोधडी डॉट सीए आमचं झालं होतं. मी ओरडले, आंटींनी कारण न विचारता माझा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी बेसनाचे लाडू वळले. प्रत्येक दारात डबा घेऊन स्वतः गेल्या. ‘मेरा बेटा पक्का हो गया’ असं मान वर करून सांगितलं. कुणी विचारलं की इतक्या उशिरा कसं, तर म्हणायच्या, “पेपर लेट आया.” ग्रोवर अंकलनी दोन लाडू उचलले, मधुमेह बाजूला ठेवून, आणि म्हणाले, “चलो, गली में एक तो पक्का पक्का निकला.” परमजीत आंटींच्या डब्यात मावशींनी सगळ्यांपेक्षा जास्त लाडू भरले होते. “गुरकीरतचा तिसरा अर्ज मी बघते,” मी आंटींना म्हणाले. फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, निदान तेवढं तरी मी करू शकते.

पुढच्या आठवड्यात हर्षवर्धनच्या पत्त्यावर पाठवायचे खोके आम्ही भरायला घेतले. तो तिकडे गॅरेज रिकामं करून बसला होता. मी प्रत्येक गोधडीला किमतीची चिठ्ठी लावत होते, काका ठळक अक्षरात पत्ते लिहीत होते. मावशी आतून आल्या त्या हातात एक जाड घडी घेऊन. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. काकांच्या हवाई दलातल्या निळ्या शर्टांचे चौकोन, मावशींच्या इरकलीचे काठ, हर्षवर्धनच्या शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा, आणि सगळ्यावरून बारीक धावदोरा. दोन दिवस गच्चीत ऊन दाखवूनही वास पुरता गेला नव्हता.

मी सवयीनं चिठ्ठी पुढे केली. “हिला नको,” मावशी म्हणाल्या.

काकांनी पेन खाली ठेवलं. “ही पाठवतेस? तो परत आला की द्यायची होती ना?”

“तिकडे थंडी असते हो,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी गोधडी उलटसुलट करून पाहिली, निळ्या शर्टाची बाजू वर येईल अशी घडी घातली आणि तिच्यावर चिठ्ठी टाचली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘निळं उशाकडे.’ मग खोक्यात सगळ्यात वर ती ठेवून मला म्हणाल्या, “बघत काय बसलीस? चिकटपट्टी आण.”